सावली मशीनला, ऊन माणसाला

मंडळी, आजचा विषय वाचून हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. सेल्फ-सर्व्हिस कार वॉशमध्ये व्हॅक्यूमच्या जागेवर छप्पर असावं की नसावं, या प्रश्नावर मी रविवारची अख्खी दुपार घालवणार आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: असलंच पाहिजे. फिनिक्ससारख्या गावात तर व्हॅक्यूमचं मशीन नंतर आणा, छप्पर आधी घाला. आणि ते "ग्राहकांसाठी खास सोय" वगैरे म्हणून नको, तर पंप, पाणी, साबण यांच्या बरोबरीचं धंद्याचं साहित्य म्हणून हवं.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी थोडं बॅकग्राउंड. आपल्याकडे गाडी वॉशिंग सेंटरला देतात. तिथली पोरं फोम मारतात, आतून व्हॅक्यूम करतात, डॅशबोर्डला चकाकी आणतात आणि आपण प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून मोबाइल बघतो. इथे ॲरिझोनात मुख्यतः दोन प्रकार. पहिला म्हणजे टनेल. गाडी सरकत्या पट्ट्यावर घालायची, न्यूट्रलला टाकायची, आतले ब्रश आणि फवारे आपलं काम करतात आणि काही मिनिटांत गाडी दुसऱ्या टोकाला बाहेर. यांची महिन्याची मेंबरशिप असते. दुसरा प्रकार म्हणजे सेल्फ-सर्व्हिस. तीन भिंती किंवा दोन भिंती आणि वर छत असलेले खण एका ओळीत. इथे त्यांना बे म्हणतात. मशीनमध्ये क्वार्टर टाका किंवा कार्ड घासा, प्रेशरची गन हातात घ्या, घड्याळ सुरू. धुऊन झालं की गाडी बाहेर काढायची आणि आवारात पलीकडे उभ्या केलेल्या व्हॅक्यूमच्या खांबांपाशी लावायची. तिथे पुन्हा पैसे टाका, होज ओढा आणि आतली साफसफाई सुरू करा.

आता या जागेचा नकाशा डोळ्यासमोर आणा. धुण्याच्या खणावर पक्कं छत. मशीनच्या खोलीवर पक्कं छत. पैसे सुट्टे करून देणाऱ्या यंत्रावरसुद्धा छोटंसं का होईना छत. आणि व्हॅक्यूमच्या रांगेवर? आकाश. निळंशार, स्वच्छ, ढग नावाला नसलेलं ॲरिझोनाचं आकाश!

सगळीकडे असं आहे असं मी म्हणत नाही. नव्या टनेलवाल्यांनी व्हॅक्यूमवर रंगीत कापडी कमानी घातल्यात. लाल, निळ्या, पिवळ्या; रस्त्यावरून लांबून दिसतात, जाहिरातीची जाहिरात होते. पण जुनी सेल्फ-सर्व्हिस ठिकाणं, जिथे मी गेली कित्येक वर्षं जातोय, ती बहुतेक उघडी बोडकी आहेत.

माझी आई एका जूनमध्ये नागपूरहून आली होती. तिला एकदा बरोबर घेऊन गेलो. ती दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "पाण्यावर छप्पर अन् माणसावर ऊन? उलटंच आहे बापा तुमच्याकडे!" मी या विषयावर जे अडीच हजार शब्द लिहितोय ते तिनं एका वाक्यात उरकलं होतं. पण आम्ही पडलो इंजिनिअर. आम्हाला डेटा लागतो.

तिथे माणूस नेमकं करतो काय

धुण्याच्या खणात तुम्ही पाण्याजवळ असता. छत आहे, भिंतीची सावली आहे, गार तुषार उडतायत. कपडे भिजले तर उलट बरंच वाटतं. आणि घड्याळ चालू असल्यामुळे प्रत्येक जण घाईत असतो. म्हणजे संपूर्ण आवारातली सगळ्यात सुसह्य जागा आणि सगळ्यात कमी वेळ थांबायची जागा एकच.

व्हॅक्यूमच्या जागी सगळं उलट. चारही दारं उघडी. पायमॅट काढून डांबरावर ठेवलेली. तुम्ही कमरेत वाकून, अर्धं शरीर गाडीच्या आत आणि अर्धं बाहेर, एका गुडघ्यावर, सीटखालची चिल्लर आणि पोरांनी सांडलेला खाऊ शोधताय. पाठीवर थेट ऊन. गुडघा सीटवर टेकवला तर चटका. होज टाचेखाली अडकतो, म्हणून गाडीला फेरी मारून दुसऱ्या बाजूनं तेच सगळं पुन्हा. मग डॅशबोर्ड पुसा, काचा आतून पुसा, डिकी झाडा. नीट केलं तर पंधरा-वीस मिनिटं सहज जातात.

आणि गाडीच्या आत काय हवामान असतं? यावर इथेच, टेंपीमध्ये, अभ्यास झालाय. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटी आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या संशोधकांनी उन्हाळ्याच्या दिवसांत काही गाड्या उन्हात आणि काही सावलीत उभ्या करून मोजमापं घेतली आणि २०१८ मध्ये ती प्रसिद्ध केली. मूळ हेतू वेगळा आणि फार गंभीर होता: बंद गाडीत राहून गेलेल्या लहान मुलांचं काय होतं हे समजून घेणं. पण आकडे आपल्याही कामाचे आहेत. उन्हात तासभर उभ्या असलेल्या गाडीच्या आतली हवा सरासरी ४७ अंश सेल्सिअसच्या आसपास गेली, स्टिअरिंग ५३, सीट ५१ आणि डॅशबोर्ड ६९! सावलीतल्या गाडीत त्याच एका तासात हवा ३८, स्टिअरिंग ४२, सीट ४१ आणि डॅशबोर्ड ४८. म्हणजे सावलीतली गाडीही काही थंडगार नाही. पण ६९ अंशांच्या डॅशबोर्डवर हात ठेवणं आणि ४८ अंशांच्या डॅशबोर्डवर हात ठेवणं, यात भाजणं आणि नुसतं "आई गं" म्हणणं एवढा फरक आहे.

दारं उघडल्यावर आतली हवा थोडी उतरते, कबूल. पण तापलेलं प्लॅस्टिक आणि रेक्झिन पाच मिनिटांत गार होत नाही, वरून ऊन चालूच असतं आणि तुम्हाला नेमकं त्यालाच हात लावून काम करायचं असतं.

आता पायाखाली बघा. फिनिक्सच्या उन्हाळ्यात दुपारी डांबर ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापतं. इथल्या भाजलेल्यांच्या रुग्णालयात दर उन्हाळ्यात डांबरावर किंवा काँक्रीटवर पडून भाजलेले पेशंट येतात. होजमध्ये पाय अडकून तोल जाणं ही व्हॅक्यूमच्या जागी अगदीच कल्पनेतली गोष्ट नाही. बाकी कुठे पडलात तर खरचटतं, इथे भाजतं.

थर्मामीटरला सावली असते

एक मजेशीर गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. आपण बातम्यांत ऐकतो तो तापमानाचा आकडा सावलीत मोजलेला असतो. हवामान खात्याचा थर्मामीटर उन्हात लटकवत नाहीत. थेट ऊन लागणार नाही आणि हवा मात्र खेळती राहील अशा कवचात, जमिनीपासून वर ठेवतात. साहजिक आहे, कारण त्यांना हवेचं तापमान हवंय, तापलेल्या थर्मामीटरचं नको. इथल्या हवामान खात्याचा तो हीट इंडेक्स असतो ना, तोही सावलीतल्या माणसासाठीच काढलेला असतो. खातं स्वतःच सांगतं की थेट उन्हात तो १५ अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सेल्सिअसमध्ये साधारण ८ अंशांनी, वाढू शकतो.

थोडक्यात काय, या गावात थर्मामीटरच्या डोक्यावर छप्पर आहे. व्हॅक्यूम करणाऱ्याच्या डोक्यावर नाही.

ॲरिझोना स्टेटमध्ये एरियन मिडल नावाच्या प्राध्यापिका आहेत. त्यांनी मार्टी नावाचं एक चाकांचं यंत्र तयार केलंय. बागेत ढकलत न्यायच्या गाड्यासारखं दिसतं आणि त्यावर सेन्सर बसवलेत. हे यंत्र नुसती हवा मोजत नाही. वरून सूर्य, खालून डांबर आणि बाजूनं भिंती मिळून माणसाच्या शरीरावर किती उष्णता ओततात ते मोजतं. अशा मोजणीतून जे दिसतं ते आपल्या आजीलाही माहीत होतं: सावलीत गेल्यावर हवेचं तापमान जेमतेम बदलतं, पण अंगावर पडणारी उष्णता धाडकन उतरते. फिनिक्सच्या उन्हाळी दुपारी या दुसऱ्या मापात ऊन आणि सावली यांतला फरक २० अंश सेल्सिअसहून जास्त असू शकतो.

म्हणून "छप्पर घालून काय होणार, हवा तर तेवढीच गरम" हा युक्तिवाद कुणी केला तर त्याला नम्रपणे सांगा की माणूस म्हणजे थर्मामीटर नाही. माणसाला हवा भाजत नाही तेवढं ऊन भाजतं. कोरड्या हवेत तर हा फरक जास्तच जाणवतो. विदर्भातल्या कुणालाही विचारा. मे महिन्यात लग्नाच्या मांडवाखाली माणसं पंगतीला बसतात आणि मांडवाच्या बाहेर चप्पल शोधायला जायचं जिवावर येतं. हवा दोन्हीकडे तीच असते.

मुख्य मुद्दा: सेल्फ-सर्व्हिस म्हणजे कामगार कोण?

इथवर तुम्ही म्हणाल, ठीक आहे, ऊन लागतं, टोपी घाल. पण माझा खरा मुद्दा पुढेच आहे.

सेल्फ-सर्व्हिस हा शब्द आपण इतका वापरतो की त्याचा अर्थ विसरलोय. सेल्फ-सर्व्हिस म्हणजे पूर्वी जे काम मालकाचा पगारी माणूस करायचा ते काम आता ग्राहक फुकट करतो, उलट त्याबद्दल पैसे देतो. याला माझी हरकत नाही. स्वस्त पडतं, मनासारखं होतं, आणि स्वतःची गाडी स्वतः धुण्यात एक समाधान असतं. पण हिशोब पूर्ण करू या. जर मी कामगाराचं काम करत असेन, तर ती जागा माझ्यासाठी कामाची जागा आहे. दुकान नाही, वेटिंग रूम नाही. कामाची जागा.

आणि उघड्यावरच्या कामाच्या जागेबद्दल जगाला काही गोष्टी कळू लागल्यात. शेजारच्या कॅलिफोर्नियात २००५ पासून उघड्यावर काम करणाऱ्यांसाठी उष्णतेचे नियम आहेत. तिथे आज तापमान ८० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण २७ सेल्सिअसच्या वर गेलं की मालकानं सावलीची सोय केलीच पाहिजे. २७! फिनिक्समध्ये २७ अंशाला लोक स्वेटर शोधतात :) ॲरिझोनात इतका कडक नियम नाही, पण फिनिक्स शहरानं २०२४ च्या मार्चमध्ये ठराव केला की शहराचं काम घेणाऱ्या कंत्राटदारांनी उन्हात राबणाऱ्या आपल्या माणसांना पाणी, विश्रांती आणि सावली द्यायची. म्हणजे तत्त्व मान्य आहे: जो उन्हात काम करून घेतो, त्यानं सावली द्यायची.

मग सेल्फ-सर्व्हिसवाल्यानं काम करून घेतलं, पण कामगार म्हणून कुणाला ठेवलंच नाही, म्हणून सावलीची जबाबदारी हवेत विरून गेली का? प्रोग्रामिंगच्या भाषेत सांगायचं तर फंक्शन सर्व्हरवरून क्लायंटवर हलवलं, पण त्याच्याबरोबरचं एरर हँडलिंग कुठेच नेलं नाही. असा कोड रिव्ह्यूमध्ये कुणी पास करेल?

बरं, तिथे फक्त माझ्यासारखे हौशी शनिवारवाले नसतात. जरा बघा कोण असतं रांगेत. टॅक्सी ॲपवर गाडी चालवणारे. त्यांना गाडी आतून स्वच्छ ठेवावीच लागते, कारण मागे बसणारा स्टार देतो. बागकाम करणाऱ्यांचे पिकअप ट्रक. मागच्या हौद्यात माती आणि गवत, वर शिड्या. बरेच टनेलवाले असल्या गाड्या आत घेतच नाहीत, ब्रशमध्ये शिडी अडकली तर कोण भरून देणार? घरं रंगवणारे, एसी दुरुस्त करणारे, तान्ह्या मुलाची कार सीट काढून साफ करणाऱ्या आया. आणि तिथला एकुलता एक पगारी माणूस, जो व्हॅक्यूमच्या डब्यातला कचरा रिकामा करत फिरतो. तो तर दिवसभर तिथेच! छप्पर घातलं तर त्यालाही मिळणार.

ज्यांना टनेलची मेंबरशिप परवडते आणि ज्यांची गाडी टनेलमध्ये मावते, त्यांना सावली. ज्यांचं तसं नाही, त्यांना ऊन. कुणी ठरवून हे केलेलं नाही. पण ठरवून न केलेला अन्याय अंगाला कमी भाजतो असं काही नाही.

ठरलेल्या हरकती आणि माझी उत्तरं

मी एकदा एका ठिकाणी मालकाला विचारलं होतं. (ठिकाणाचं नाव सांगत नाही, माणूस सज्जन आहे.) तो म्हणाला, लोक इथे गाडी धुवायला येतात, बसायला नाही. मी म्हटलं, बसायला खुर्ची नकोच आहे, वाकायला सावली हवीय. तो हसला आणि त्यानं ठेवणीतल्या हरकती काढल्या. त्या अशा:

"सकाळी या ना मग." येतो की. ज्याला जमतं तो येतोच. पण सहा दिवस पहाटे पाचला कामावर जाणाऱ्यानं काय करायचं? आणि फिनिक्सची सकाळ म्हणजे काय ते २०२३ नं दाखवलंय. त्या जुलैत सलग १६ दिवस पहाटेचं किमान तापमानसुद्धा ९० फॅरनहाइटच्या, म्हणजे ३२ सेल्सिअसच्या, खाली उतरलं नाही. दिवसाचं तर विचारूच नका: जूनअखेरपासून सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटला किंवा वर, म्हणजे ४३ सेल्सिअसच्या पुढे. २०२४ मध्ये सलग ११३ दिवस १०० फॅरनहाइट किंवा जास्त. "जरा थांबा, उन्हाळा सरेल" असं सांगायचे दिवस गेले. तीन-चार महिने म्हणजे काही अपवाद नाही. वर्षाचा तिसरा हिस्सा आहे तो.

"वादळात कापड फाटतं." खरंय, इथे पावसाळ्यात धुळीची प्रचंड वादळं येतात आणि वारा एका क्षणात अंगावर कोसळतो. पण याच गावात अपार्टमेंटच्या पार्किंगवर हजारो पत्र्याची छपरं वर्षानुवर्षं उभी आहेत. शाळांच्या खेळाच्या मैदानांवर ताणलेली कापडं आहेत. खांबाचा पाया, वाऱ्याचा हिशोब, परवाना हे सगळं इथल्या इंजिनिअरांना पाठ आहे. कापडाला आयुष्य असतं आणि ते काही वर्षांनी बदलावं लागतं, मान्य. व्हॅक्यूमची मोटरही बदलावी लागते. तिच्याबद्दल कुणी म्हणत नाही की जळते म्हणून बसवूच नका!

"झाडं लावू." झाडांवर माझं प्रेम आहे, पण धुतलेल्या गाडीवर झाड नको. इथलं पालो वेर्दे वसंतात पिवळ्या फुलांचा सडा घालतं. रस्त्यावर सुंदर दिसतं, ओल्या बॉनेटवर नाही. पक्ष्यांबद्दल तर बोलायलाच नको. झाडं आवाराच्या कडेला, फुटपाथच्या बाजूला लावा. व्हॅक्यूमवर पत्रा किंवा कापडच हवं.

"खर्च निघणार नाही." इथे मला मालकाचीच बाजू मांडायची आहे. फिनिक्सचं पाणी जड आहे, क्षार भरपूर. उन्हात ते मिनिटभरात वाळतं आणि रंगावर पांढरे डाग सोडतं. म्हणजे माणूस धुऊन बाहेर येतो, पुसायला सावली नाही, डाग पडतात आणि तो म्हणतो, "इथलं मशीन बेकार आहे." साबणाच्या आणि वॅक्सच्या बाटल्यांवर बहुतेक वेळा लिहिलेलंच असतं की थेट उन्हात किंवा तापलेल्या पत्र्यावर वापरू नका. जो हे विकतो त्याच्याच आवारात ते पाळता येत नाही! शिवाय व्हॅक्यूम पैसे टाकून चालतं. माणूस सावलीत असेल तर डिकीही करेल, दुसऱ्यांदा पैसे टाकेल, वासाची बाटली घेईल. उन्हात असेल तर पुढच्या दोन सीट उरकून पळेल. आणि कापड परवडत नसेल तर सोलर पॅनेल घाला. ॲरिझोना स्टेटच्या आवारात पार्किंगवर तशी छपरं आहेत: खाली गाड्या, वर वीज. कार वॉश म्हणजे पंप आणि मोटरा, विजेचं बिल तिथे काही कमी येत नाही.

घालायचंच तर नीट घाला

आता थोडी भूमिती, कारण अर्धवट छप्पर हे छप्पर नसल्यापेक्षा जास्त चीड आणतं. लॉस एंजेलिसमध्ये २०२३ मध्ये बसस्टॉपसाठी जाळीदार पत्र्याची एक अरुंद पट्टी मोठ्या थाटात उभी केली होती. तिची सावली जेमतेम एका माणसाला पुरेल एवढी. लोकांनी इतकी टिंगल केली की विचारू नका. तसं व्हायला नको.

फिनिक्स साधारण ३३.४ अक्षांशावर आहे. जूनच्या अखेरीला सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर, ८० अंशांवर असतो. तेव्हा छपराची सावली बरोबर छपराखाली पडते आणि ज्यानं डिझाइन केलं तो खूश. पण लोक येतात ऑफिस सुटल्यावर. संध्याकाळी पाचला सूर्य जेमतेम ३१ अंशांवर असतो, आणि जवळजवळ पश्चिमेला. छप्पर ३ मीटर उंच असेल तर जमिनीवरची सावली ५ मीटर पूर्वेला सरकलेली असते! म्हणजे एकेका व्हॅक्यूमवर एकेक छत्री उभी केलीत तर पाच वाजता तुमची सावली शेजाऱ्याच्याही पलीकडे पडलेली असेल आणि तुम्ही पुन्हा उन्हात.

उपाय साधे आहेत. सुट्या छत्र्या नकोत, पूर्व-पश्चिम रांगेवर अखंड मांडव घाला, म्हणजे एकाची सरकलेली सावली दुसऱ्याला मिळेल. पश्चिमेच्या टोकाला जास्तीचा एक खण पुढे काढा किंवा वरून खाली उभा पडदा सोडा. रांग उत्तर-दक्षिण असेल तर सगळ्या पश्चिम बाजूला जाळी लावा. उंची गरजेपुरतीच ठेवा. पिकअपवरची शिडी जाईल एवढी, उगाच विमानतळासारखी नको. आणि छप्पर गाडीवर नाही, उघडलेल्या दारांवर पोचलं पाहिजे. माणूस गाडीच्या मधोमध उभा नसतो, दारात उभा असतो. ही एकच गोष्ट नीट केली तरी निम्मं काम झालं.

साहित्यही आपल्या ओळखीचं आहे. हे ताणलेलं कापड म्हणजे आपल्याकडच्या शेडनेटचं घट्ट विणीचं, जाडजूड भावंड. दोन्ही विणलेलं पॉलिथिलीनच. महाराष्ट्रात ढोबळी मिरचीला ऊन सोसत नाही म्हणून शेतकरी शेडनेट उभारतो आणि त्याला कुणी चैन म्हणत नाही. अलीकडच्या उन्हाळ्यांत नागपूरमध्ये काही सिग्नलांवर हिरवी जाळी बांधतात, दुचाकीवाला लाल दिव्याला थांबतो तेवढ्यापुरती. सिग्नलचा थांबा तो केवढा? तरी नागपूरला वाटलं की तेवढ्या वेळापुरतीसुद्धा डोक्यावर सावली हवी. इथे पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे.

एवढ्याशा गोष्टीचं एवढं काय

मॅरिकोपा काउंटीत, ज्यात फिनिक्स येतं, २०२३ मध्ये उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. २०२४ मध्ये ६०८. यातले बरेच जण असे होते ज्यांच्याकडे घरच नव्हतं, किंवा घर होतं पण त्यातला एसी बंद होता. कार वॉशवर छपरं घालून हे जीव वाचले असते असा दावा मी करणार नाही. तो त्यांचा अपमान होईल.

पण ज्या सवयीमुळे व्हॅक्यूमची रांग उघडी राहते, तीच सवय बसस्टॉप उघडा ठेवते, फुटपाथ उघडा ठेवते, शाळेसमोरची रांग उघडी ठेवते. ती सवय म्हणजे सावलीला सजावट समजणं. बजेटच्या शेवटच्या ओळीत टाकायची आणि पैसे कमी पडले की आधी कापायची गोष्ट. फिनिक्स शहरानं २०१० मध्ये ठरवलं होतं की २०३० पर्यंत शहराच्या २५ टक्के भागावर झाडांची आणि सावलीची छाया असावी. तिथवर पोचणं दूरच राहिलं. २०२१ मध्ये शहरानं उष्णतेसाठी वेगळं खातं काढलं आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये नवा आराखडा मंजूर केला: पाच वर्षांत २७,००० झाडं आणि ५५० सावलीचे मांडव. चांगलं आहे, मनापासून चांगलं आहे. पण शहराचा हात पोचतो मुख्यतः रस्त्यांवर, बागांमध्ये, बसस्टॉपवर. या व्हॅलीतलं कितीतरी डांबर खासगी आवारांमध्ये पसरलंय: मॉलसमोर, पेट्रोल पंपावर, कार वॉशमध्ये. तिथे सावली पाडायची तर ती मालकानंच पाडायला हवी. आणि मालक पाडेल तेव्हा, जेव्हा ग्राहक तिला मशीनइतकंच महत्त्व देईल.

तेव्हा आपल्यासारख्यांनी, ज्यांच्याकडे टनेलचा पर्याय आहे आणि शनिवारी सकाळी सातला उठायची मुभा आहे, निदान एवढं करावं. सेल्फ-सर्व्हिसला जाल तेव्हा जिथे छप्पर आहे तिथे क्वार्टर टाका, आणि का टाकताय ते काउंटरवर सांगा. जिथे नाही तिथेही सांगा. मालक वाईट नसतात. त्यांना मोटर बंद पडली तर कळतं, कारण ग्राहक तक्रार करतो. उन्हाबद्दल कुणी तक्रारच करत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं ऊन तर देवानं दिलंय, त्यात मालकाचा काय दोष.

ऊन देवानं दिलंय, बरोबर. पण माणसाला नेमकं त्या जागी वाकून काम करायला मालकानं लावलंय. म्हणून त्याला फार काही न बोलता एवढंच विचारा: हेच काम तुमच्या पगारी माणसानं दिवसभर केलं असतं, तर तुम्ही त्याला इथे छपराशिवाय उभं केलं असतंत का? तो "नाही" म्हणाला तर पुढचं बोलणं फक्त छपराच्या मापाचं उरतं. आणि "हो" म्हणाला, तर क्वार्टर खिशात ठेवा आणि गाडी दुसरीकडे न्या.